एका मगाचं पाणी

रेणूची ओळख पटवणारे पाचही एनएमआर रिपोर्ट एकाच दिवशी आले. फॉस्फरसची रेघ पाचही कागदांवर एकाच जागी उभी होती. आठ महिने मी समजत होते की पाच वेगवेगळे, नवे फॉस्फोनियम क्षार बनवलेत. हातात होतं ते एकच, कुठल्याही पुस्तकात सापडणारं ऑक्साइड. म्हणजे माझे क्षार बनत होते आणि माझ्याच हातात मोडत होते. पाचही पावडरी एकाच तापमानाला वितळायला लागल्या तेव्हाच डोळे उघडायला हवे होते, पण आशा भारी चीज आहे.

माझे गाईड सर म्हणाले, "जूनमध्ये थिसिस द्यायचाय. सगळं पुन्हा करा."

मी "बरं" म्हटलं. ना रडू आलं, ना राग. आत काही हललंच नाही. कँटीनमध्ये पोहे खाल्ले, तेही प्लेट चाटूनपुसून, आणि भांडी धुवायला परत आले.

आमच्याकडे काचेची भांडी अल्कलीच्या टबात भिजवून मग विसळतात. मी विसळलेला चंबू लॅबमधल्या मामांनी पुसायला घेतला आणि गळ्यातून आत बोट फिरवलं.

"ताई, ह्ये लई बुळबुळीत लागतंय. पाणी नाय फिरवलं का?"

फिरवलं होतं. एक मग पाणी पहिल्या चंबूत, तेच दुसऱ्यात, तेच तिसऱ्यात. घरी ताटं अशीच विसळतो आम्ही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. ते तुपासारखं वापरायचं, हे आईनं लहानपणीच अंगात भिनवलेलं. चंबूत ती बुळबुळीत अल्कली उरायची, त्यातच मी क्षार गरम करायचे आणि तीच त्यांना मोडून ऑक्साइड करायची.

मग प्रत्येक चंबू वाहत्या नळाखाली सात वेळा धुतला. हात सारखा नळ बंद करायला जायचा. महिन्याभरानं पहिल्या क्षाराची रेघ हवी तिथं आली. आनंद व्हायला हवा होता. नुसता थकवा जाणवला.

घरी गेले तर पाणी आलेलं. आई ड्रम भरत होती. क्षार जमला म्हणून सांगितलं.

"मग आधी काय चुकत होतं गं?"

"लॅबमधलं औषध खराब निघालं."

"मी म्हणतच होते. तुझ्या हातात खोट नाय."

ड्रम जरासा ओसंडला. आई खाली बसली, फरशीवरचं पाणी फडक्यानं टिपून बादलीत पिळू लागली. मी दुसरं फडकं घेऊन तिच्या शेजारी बसले, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.

तिचं लक्ष फरशीकडं होतं. "नीट पीळ," ती म्हणाली.