पंचशीलात अडकलेला नवरदेव

माझं एक लग्न मांडवातच मोडलं, आणि त्याचा राग मी काकूवर पुष्कळ दिवस धरून होते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, तरी तिच्या हातचा चहासुद्धा पीत नव्हते.

साल दुष्काळाचं. आमचं गाव रिठदच्या बाजूचं. सगळी वस्ती सरकारी कामावर खडी फोडायची. मजुरांच्या खाण्यासाठी सरकारनं सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा गोड खाऊ, धाडलेली. ती आम्हाला मूठभर मिळे आणि कामावरच्या कारकुनाच्या कोंबड्यांना पोटभर. त्या इतक्या माजल्या होत्या की माणसाला वाट देत नसत. बाबांचं तोंड सुकलेलं, मी लग्नाला आलेली, आणि अशात पोलीसपाटील स्थळ घेऊन आले. मुलगा परमुलखात कारखान्यात, आपल्यातलाच, बौद्ध. हुंडा नको, खर्च त्यांचा, वर आमच्या घरी ज्वारीचं पोतं.

"पोरगी सुखात राह्यते. मी खात्री देतो," पाटील म्हणाले.

त्यांच्याकडे नुकताच रेडिओ आला होता. सारं गाव त्यांच्या ओसरीवर बसून गाणी ऐकायचं, पण रेडिओ आला कुठून हे कोणी विचारत नव्हतं. मी तर नाहीच. मला नवरा पसंत होता. केस तेल लावून चापून बसवलेले, पायात बूट. खडी फोडणाऱ्या पोरीला आणखी काय पाहिजे?

आमच्या वस्तीचा एक नेम होता. धम्म घेतला तेव्हा आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, अक्षर येत नसताना, त्रिसरण-पंचशील ऐकून ऐकून पाठ केलेलं. म्हणून नवरदेवानं ते मांडवात एकट्यानं, मोठ्यानं म्हणायचं. आमची पोरं त्याला मास्तरच्या छडीपेक्षा जास्त भीत. पण अडकणं हा काही गुन्हा नव्हता. कोणी अडकला की त्याची आई, बहीण, मामा, अख्खं वऱ्हाड पुढचे शब्द पुटपुटायचं आणि गाडी पुढं सरकायची.

माझा नवरदेव त्रिसरणातून कसाबसा पार झाला आणि दुसऱ्या शीलावर अडकला, नेमका चोरी न करण्याच्या. मांडव हसला. मीही पदराआड हसले. मग सगळे थांबले, की आता त्याच्याकडचं कोणीतरी पुटपुटेल. वऱ्हाडात पाच पुरुष, बाई एकही नाही. पाचांतल्या एकाचेही ओठ हलले नाहीत. बाप म्हणून आलेला माणूस आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

काकू उठली. "पावणे, पोराले येत नसन तं तुमी सांगा."

"हमारे यहाँ इतना नहीं चलता," तो बाप म्हणाला.

"बरं. मंग जेवढं चालते तेवढं सांगा."

तो पाटलांकडे पाहू लागला. पाटील भडकले. "कायले पावण्याले छळून राह्यली बाई?"

"पाटील, संगं एक बाई नाही, अन् पंचशील कोणालेच येत नाही. मंग हे आपल्यातले कसे? पोरगी चालली तरी कोणाच्या घरी?"

बाबांनी माझ्या हातातला हार काढून घेतला. पाहुणे चहा पिऊन येतो म्हणून उठले आणि थेट एसटीत जाऊन बसले. मी भोकाड पसरलं. "तुले माह्यं सुख पाहवत नाही," असं काकूला सगळ्यांदेखत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकू पोलीस चौकीत गेली. जमादार म्हणाले, "लगन झालंच नाही, तं तक्रार कायची?" आत रेडिओ वाजत होता. पाटलांकडं होता तसाच, तपकिरी कातडी पिशवीतला.

खडीवर माझ्या जोडीला शेजारच्या गावची एक पोरगी होती. आईबाप नव्हते, मामाकडे राहायची. माझ्यापेक्षा जोरात हसायची आणि माझ्या वाटची खडीही फोडून टाकायची. उन्हाळा सरता सरता ती यायची बंद झाली. काकू आणि मी चौकशीला गेलो. मामी खुशीत होती. लग्न झालं म्हणाली, दूर दिली, हुंडा नाही, खर्च नाही. जावई कसा, तर केस चापून बसवलेले, पायात बूट. तिथं तो मामाच्या जातीचा झाला होता.

ती पोरगी माहेरपणाला कधी आली नाही. अजून आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

"त्याले काही विचारलं नाही काय तुमी?" काकूनं मामीला विचारलं.

"कायले? आमच्या पाटलानं खात्री देल्ली होती."

काकू म्हणाली, "तुमच्या पाटलाकडं रेडिओ आला काय?"

"आला ना," मामी म्हणाली. "तुमाले कसं मालूम?"

घरी येऊन काकूनं चहा ठेवला. मी तो मुकाट्यानं प्याले.