अडुसष्ट मार्कांची बिअर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कपाटात डब्यांची झाकणं जमतात तसे ते जमत जातात. कोणतं झाकण कुठल्या डब्याचं हे आठवत नाही, पण टाकवतही नाही. आमच्या शनिवारच्या बिअर मंडळाचे किस्से असेच माझ्याकडे पडून आहेत. दोन हजार चार-पाचची गोष्ट. सनीव्हेलच्या आमच्या टू-बेडरूम अपार्टमेंटमध्ये दर शनिवारी दुपारी आम्ही चौघं बसायचो आणि कुठल्या कुठल्या विचित्र बिअरा आणून चाखायचो. बिअरची चव एकीचीही नीट आठवत नाही. माणसं मात्र आठवतात.

चौघं म्हणजे मी, माझा नवरा आनंद, जोगळेकर आणि केदार. आनंद बिअर पीत नाही. बाकीच्यांना घरी सोडायला शुद्धीतला ड्रायव्हर लागतो म्हणून तो मंडळात. पण नुसतं बसून काय करणार, म्हणून तो वास घ्यायचा आणि वासावर मार्क द्यायचा. केदार गिरगावचा, बिनलग्नाचा, आणि इंग्रजी लिहायची भारी हौस. जोगळेकर इचलकरंजीचा. तो आमचा सचिव, खजिनदार, परीक्षक, सगळं काही. मी नागपूरची. मला राग पटकन येतो, आणि आला की मी तो पोटात ठेवत नाही.

* * *

जोगळेकरची आई बोर्डाची परीक्षक. त्याच्या लहानपणी उन्हाळ्यात घरात आंब्याच्या पेट्या यायच्या आधी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यायचे. टोटल मारायला हा बसायचा. त्यामुळे बिअर चाखायची ठरल्यावर याने आधी एक्सेल शीट उघडली. रंगाला दहा, फेसाला दहा, वासाला वीस, चवीला पन्नास आणि टापटिपीला दहा.

मी विचारलं, "बिअरची टापटीप म्हणजे काय रे?"

"लेबल सरळ लावलंय का. वाकडं असलं तर दोन मार्क कट."

चाखायला आमच्या घरातल्या स्टीलच्या वाट्या, कारण चार सारखे ग्लास कोणाकडेच नव्हते. पहिल्याच दिवशी एका बेल्जियन बिअरला मी खुशीत नव्वद दिले. जोगळेकरने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नव्वद गणितात मिळतात, वैशाली. ही भाषेसारखी आहे. फार तर बासष्ट." मी मुकाट्याने बासष्ट केले. साठाच्या वर फर्स्ट क्लास, पस्तीसला पास, आणि सत्तरच्या वर वर्षभरात कोणी गेलंच नाही.

* * *

केदार रिव्ह्यू लिहायचा. इंटरनेटवर बिअरला मार्क द्यायची एक साइट होती, तिच्यावर आमची चौघांची खाती. एकदा एक आंबट बिअर आणली. केदारने डोळे मिटले, वाटी हलवली आणि लिहिलं, की हिच्यात घोड्याच्या ओल्या घोंगडीचा सुगंध आहे. म्हणे हे कौतुक असतं, जाणकार असंच लिहितात.

"तू घोडा कुठे पाहिलास?" मी विचारलं.

"माथेरानला."

"ओला होता?"

आनंदने वाटी नाकाशी नेली आणि शांतपणे म्हणाला, "आंबोळीचं पीठ दोन दिवस ओट्यावर विसरलं की असा वास येतो." सगळ्यांनी वास घेतला. अगदी तोच. केदारने घोंगडी खोडून तांदळाचं आंबलेलं पीठ लिहिलं. पुढच्या महिन्याभरात ओहायोपासून ऑरेगनपर्यंतच्या पंधरा गोऱ्यांना त्याच बिअरमध्ये तांदळाच्या पिठाचा वास यायला लागला. त्यातल्या एकाने तर लिहिलं, की हा वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे.

* * *

दोन बिअरांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला कोरडी बिस्किटं खायची असा नियम असतो. आमच्याकडे भडंग असायचं. जोगळेकरच्या आईने पाठवलेलं, लसूण घातलेलं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. एका शनिवारी शीट चाळताना जोगळेकरला दिसलं, की ओळीने अकरा बिअरांपुढे आम्ही "शेवट किंचित तिखट" असं लिहिलंय.

त्याला शंका आली. पुढच्या वेळी त्याने आम्हाला नेहमीसारखं भडंग खायला घातलं, माझी ओढणी कापून आमच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि वाटीतून काहीतरी दिलं. मी म्हणाले, शेवट तिखट. केदार म्हणाला, शेवट तिखट, पण अंगाने हलकी, उन्हाळ्यात बरी, अठ्ठावन्न. पट्टी काढली तर समोर साध्या सोड्याची बाटली. ओढणी चांगली बांधणीची होती, तिच्यावरून मी आठवडाभर जोगळेकरशी बोलले नाही.

* * *

एकदा दुकानात माझ्या ट्रॉलीत लाल भोपळ्याची बिअर होती, आणि समोरून महाराष्ट्र मंडळाच्या कुलकर्णीकाकू आल्या. पळायला जागा नव्हती. काकूंनी बाटली उचलली, पर्समधून चष्मा काढला, लेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि बाटली जागेवर ठेवली.

"भोपळा उपासाला चालतो," त्या म्हणाल्या, आणि दह्याच्या फ्रिजकडे वळल्या.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या कार्यक्रमात कुलकर्णीकाका मला कोपऱ्यात घेऊन विचारत होते, की ते भोपळ्याचं कोणत्या शेल्फवर मिळतं.

* * *

आता वॉल्टचं सांगते.

सनीव्हेलहून तासाभरावर, सांताक्रूझच्या डोंगरात, एक म्हातारा घरामागच्या शेडमध्ये बिअर करतो असं केदारने शोधून काढलं. वॉल्ट सदुसष्ट वर्षांचा, हात सुताराचे. तीस वर्षं शाळेत मुलांना लाकूडकाम शिकवून निवृत्त झालेला. एकच प्रकारची बिअर करायचा, आणि ती सॅन होझेमधल्या एकाच दुकानात जायची. तिच्यात कसला तरी पाला होता. कसला ते तो कोणाला सांगायचा नाही. येणारा प्रत्येक जण निलगिरी म्हणायचा आणि वॉल्ट नाही म्हणून मान हलवायचा.

आनंदने वास घेतला आणि म्हणाला, "मसालेभात."

मी वॉल्टला म्हणाले, "बे लीफ."

वॉल्टने हातातला जग खाली ठेवला. आम्हाला शेडमागे नेऊन झाड दाखवलं. तमालपत्राच्याच जातीचं जंगली झाड, पान चुरगाळलं की नाक झणझणत होतं. चार वर्षांत कोणी ओळखलं नव्हतं म्हणे. त्याचे डोळे पाणावले. आतून बायकोला, पेगीला, बोलावून त्याने आमची ओळख करून दिली. जोगळेकर तर इतका विरघळला, की आयुष्यात मी इतकी चांगली बिअर प्यायलो नाही असं त्याच्या तोंडावर सांगून मोकळा झाला.

घरी येऊन आम्ही शीटमध्ये आणि साइटवर मार्क टाकले. आनंद बासष्ट, केदार चौसष्ट, मी सहासष्ट, आणि जोगळेकर अडुसष्ट. शीटमधला आजवरचा उच्चांक. त्या दिवशी आम्ही मोठं पुण्य केल्यासारखे झोपलो.

* * *

तीन आठवड्यांनी आम्ही हसत हसत पुन्हा गेलो, तर वॉल्ट शेडच्या दारातच उभा. हातात आमच्या चौघांच्या रिव्ह्यूंचे प्रिंटआउट. आत या म्हणाला नाही.

"मी तुमचं काय वाकडं केलं होतं?" त्याने विचारलं.

आम्हाला काही कळेना. जोगळेकर म्हणाला, "अहो, अडुसष्ट दिलेत! फर्स्ट क्लास!"

"मी तीस वर्षं शाळेत मार्क दिलेत," वॉल्ट म्हणाला. "अडुसष्ट म्हणजे डी. डी मिळालेल्या मुलाच्या घरी मी फोन करायचो."

जोगळेकरने त्याला समजावलं, की आमच्याकडे साठाला पेढे वाटतात. पासिंग पस्तीसला असतं.

"पस्तीस? कितीपैकी?"

"शंभरपैकी."

वॉल्टने हातातल्या प्रिंटआउटची घडी घातली. मग म्हणाला, "आणि तुम्ही लोक इंजिनिअर आहात?"

त्यानंतर खरा प्रकार कळला. सॅन होझेचं ते दुकान साइटवर पंच्याऐंशीच्या खाली गेलेली बिअर ठेवत नाही. आमच्या आधी वॉल्टची एक्याण्णवला होती. आम्ही चौघांनी प्रेमाने तिला शहात्तरवर आणून ठेवलं होतं. सोमवारी दुकानदार यादी नक्की करणार होता. यादीतून नाव गेलं की वॉल्टची बिअर बंद, कारण दुसरं दुकान नाही, आणि शेड पेगीला तिच्या मातीच्या भांड्यांच्या भट्टीसाठी हवी होती. हे सगळं वॉल्टने न चिडता सांगितलं. मला इतकी लाज वाटली, की त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

* * *

घरी येऊन चपलाही न काढता आम्ही कॉम्प्युटरपुढे बसलो. मी शहाण्णव केले. केदारने पंच्याण्णव. आनंद म्हणाला, "मी तर नुसता वास घेतलाय, माझे शंभर." बिअर शहात्तरची एक्क्याऐंशीवर आली आणि अडकली. त्या साइटवर ज्याचे रिव्ह्यू जास्त त्याच्या मार्कांना वजन जास्त. एरवी एकट्याने चाखलेल्या धरून जोगळेकरचे तीनशेच्या वर होते. सगळं त्याच्या अडुसष्टवर येऊन थांबलं.

"मी बदलणार नाही," जोगळेकर म्हणाला.

"का?"

"नव्वद दिले तर मग त्या बासष्टवाल्यांचं काय? माझ्या आईने सख्ख्या भाच्याला चौतीसवर ठेवलाय."

माझं डोकंच फिरलं. "तुझ्या आईने चौतीसवाल्याला नापास केलं असेल," मी म्हणाले, "पण अडुसष्टवाल्याला घरी नाही बसवलं. ते तू करतोयस. त्या म्हाताऱ्याने आपल्याला झाड दाखवलं रे, चार वर्षांत कोणाला दाखवलं नव्हतं. तुझी शीट घाल चुलीत." आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जोगळेकर लाल झाला. केदारने भडंगाचा डबा पुढे केला, तो कोणी घेतला नाही. शेवटी जोगळेकर म्हणाला, "आईला विचारतो."

आमच्याकडे शनिवारची संध्याकाळ, इचलकरंजीत रविवारची सकाळ. कॉलिंग कार्डाचा लांबलचक नंबर फिरवून त्याने फोन स्पीकरवर टाकला. बिअरचं घरी माहीत नव्हतं, त्यामुळे आम्हाला हुं की चूं करायची बंदी.

"आई, एक विचारायचं होतं. अडुसष्टचे नव्वद करता येतात का?"

"मुळीच नाही," आई म्हणाल्या. "कोणाचे?"

"इथला एक आहे. नव्वद झाले नाहीत तर त्याला काढून टाकतील. पुन्हा संधी नाही."

"अभ्यास केला होता का?"

"चार वर्षं. एकच विषय घेऊन बसलाय."

"विषय कोणता?"

जोगळेकरने आमच्याकडे पाहिलं. "केमिस्ट्री."

"वय काय मुलाचं?"

"सदुसष्ट."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आई म्हणाल्या, "सदुसष्टाव्या वर्षी परीक्षेला बसलाय? मग दे रे बाबा. ग्रेस म्हणून दे. पण त्याला सांग, की हे ग्रेसचे आहेत. न सांगता दिले तर मुलं बिघडतात."

जोगळेकरने फोन ठेवला, नव्वद टाईप केले आणि बटन दाबलं. बिअर सत्त्याऐंशीवर गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. उगाचच भांडी घासत उभी राहिले.

* * *

सोमवारी वॉल्टची बिअर दुकानात राहिली.

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो, तर वॉल्टने सगळ्यांना मिठ्या मारल्या. जोगळेकर मात्र ताठ उभा राहिला. म्हणाला, "नव्वदपैकी बावीस ग्रेसचे आहेत. तुमचे खरे अडुसष्टच. आईने सांगायला सांगितलंय."

मला वाटलं, आता संपलं. असल्या माणसाला घेऊन यायचंच कशाला, असं मनात येऊन गेलं. पण वॉल्टने मान डोलावली. शेडच्या भिंतीवर लाकडाची मापं लिहायचा जुना काळा फळा होता. त्यावर त्याने खडूने ठळक बावीस लिहिले आणि त्याच्याभोवती चौकोन काढला.

त्यानंतर नवा घाणा निघाला की वॉल्टचा फोन यायचा, आणि फक्त जोगळेकरला. जोगळेकर आपली स्टीलची वाटी घेऊन जायचा. सप्टेंबरात अडुसष्ट. नोव्हेंबरात अडुसष्ट. जानेवारीत तर वॉल्टने पानं उन्हात न वाळवता सावलीत वाळवली होती, तरी अडुसष्ट. फळ्यावरचे बावीस तसेच. केदार म्हणाला, म्हातारा एक दिवस याला वाटीसकट डोंगरावरून खाली टाकणार.

एप्रिलमध्ये आम्ही सगळेच गेलो होतो. जोगळेकरने वाटी तोंडाला लावली. थांबला. पुन्हा एक घोट घेतला. खिशातून कागद काढून टोटल मारली, मग खालून वर पुन्हा एकदा मारली. वॉल्ट फळ्यापाशी ओलं फडकं घेऊन उभा होता.

"एकोणसत्तर," जोगळेकर म्हणाला. "फेस सुधारलाय."

वॉल्टने बावीस पुसले, चौकोनात एकवीस लिहिले, आणि शेडच्या दारात जाऊन घराकडे तोंड करून ओरडला, "पेगी, बाहेर ये, मला एक मार्क मिळाला!"