पडवळाचा दगड

लग्नाआधी माझ्या लिंगाच्या टोकाची कातडी आक्रसली आणि डॉक्टरांनी ती कापून टाकली. घरात सगळे त्याला नुसतं ‘ऑपरेशन’ म्हणायचे, जणू अपेंडिक्स काढलं होतं. उघड्या पडलेल्या भागाला कपडा घासायचा, आणि हळूहळू तो बधिर होत गेला. गेलेलं परत हवं, एवढा एकच ध्यास मला लागला.

चाळिशी जवळ आली तेव्हा नाशिक रोडच्या फ्लॅटवर कुरिअरने एक उपकरण मागवलं. सिलिकॉनचा छोटा शंकू. उरलेली कातडी पुढे ओढून त्याच्यावर चढवायची, वरून रबरी टोपी बसवायची आणि टोपीला पट्टा किंवा वजन लावायचं. तासन्‌तास हलका ताण राहिला की कातडीत नव्या पेशी तयार होतात, ती खरोखर वाढते. पण वर्षं लागतात. बायकोला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, “करा, पण अंगाशी येऊ देऊ नका.”

मला कुठला धीर! मखमलाबादला आमचा भाजीचा मळा आहे. पडवळ सरळ लांब वाढावं म्हणून वडील त्याच्या टोकाला दगड बांधतात. त्याच हिशेबाने मीही वजन वाढवलं आणि तसाच मळ्यात गेलो. भर दुपार होती. वारा अजिबात नव्हता, तरी मांडवाखाली लोंबणारे सगळे दगड संथ हलत होते. पँटच्या आत माझं वजनही त्याच लयीत हलू लागलं. खालून कुणीतरी आम्हा सगळ्यांना ओढतंय असं वाटलं आणि मी चांगलाच टरकलो.

वडील एका पडवळाचा जड दगड सोडून त्या जागी हलका बांधत होते. माझं त्यांना काही ठाऊक नव्हतं. “लय जड झाला का देठ तुटतो,” ते म्हणाले. “वाढायचं त्याचं त्याला ठाऊक हाय.”

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन पाहिलं. कातडी जांभळी, गार पडली होती. वजन काढलं आणि रंग परत येईपर्यंत तिथेच उभा राहिलो. त्यानंतर हलक्या पट्ट्यावरच भागवलं.

आता टोक पुन्हा झाकलं जातं. कपडा घासत नाही. पण कातडीबरोबर तिथल्या बारीक नसाही गेल्या होत्या, त्या कुठल्याच ताणाने उगवत नाहीत.

“झालं ना तुमच्या मनासारखं?” बायकोने विचारलं. हो म्हणालो. आंघोळीला गेलो की मात्र त्या कातडीला हात लावायला कचरतो. जिची इतकी वर्षं वाट पाहिली ती आलीच नाही. तिच्या जागी, तिच्याच आकाराचं, दुसरं कुणीतरी राहायला आलंय, आणि त्याला मीच वाढवलंय.