सूर्यफुलांचं खत

बंद पडलेल्या बॅटरी कारखान्यामागची माती शिशानं इतकी भरली होती की तिथं गवतही नाइलाजानं उगवत असे. एका संशोधन संस्थेनं ती साफ करायला घेतली. युक्ती अशी: जमिनीत सळ्या ठोकून हलकी वीज सोडायची, म्हणजे मातीला चिकटलेलं शिसं सुटं होतं आणि सूर्यफुलं ते मुळांनी ओढून घेतात. त्यासाठी साहेब होते, दोन मदतनीस होते. पाणी घालायला आणि बटण दाबायला मात्र माळी लागला.

माळी बावन्न वर्षांचा, त्यातली अकरा हंगामी. साहेबांनी शब्द दिला होता, "यंदा शिसं निम्म्यावर आलं की तुम्हाला कायम करतो."

हे ऐकून बायको म्हणाली, "अकरा वर्षं माणसांच्या मर्जीवर होतात, आता शिशाच्या. बढतीच म्हणायची!"

माळी इरेला पेटला. सूर्यफुलं पुरुषभर उंच झाली. साहेब त्यांच्यासोबत फोटो काढून घेत. माती तपासली की शिसं जिथल्या तिथं. साहेबांनी वीज वाढवली, बियाणं बदललं, आणि शेवटी 'या मातीचा चिवट स्वभाव' या विषयावर दोन निबंध छापले. त्यांचं नाव झालं.

मग तपासणी समिती आली. तिच्यातल्या एका बाईंनी सहज विचारलं, "कापलेली झाडं कुठं जातात?"

साहेबांनी मदतनीसाकडे पाहिलं, त्यानं दुसऱ्याकडे, दुसऱ्यानं माळ्याकडे.

"जातील कशाला?" माळी म्हणाला. "बारीक तोडून मी परत वाफ्यातच गाडतो. एवढं सोन्यासारखं खत कुणी टाकतं का? यंदा तर एक पान वाया जाऊ दिलं नाही."

"अहो, शिसं त्या पानांतच असतं!" बाई म्हणाल्या. "ती पिंपात बंद करून बाहेर न्यायची."

माळ्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच माझी नोकरी गाडत होतो? साहेब, एका शब्दानं सांगायचंत तरी!"

"अहवालात लिहिलंय," साहेब म्हणाले.

"तो मला कुणी दिला?"

समितीनं बराच विचार करून शेरा मारला: 'स्थानिक खतपद्धतीचा अधिक अभ्यास व्हावा.' शिसं उतरलं तर आपले दोन निबंध खोटे पडतील, हे साहेबांनाही कळत होतं. आठ दिवसांत त्यांनी माळ्याला कायम केलं, पण वाफ्यापासून लांब, कचेरीपुढच्या हिरवळीवर. त्यानं हुकूम दोनदा वाचला आणि सही केली.

तरी चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तो वाफ्यावर गेला. तिथं नेमलेला नवा माळी पानं तोडत होता.

"पिंपं माग आणि त्यात भर ही," जुना माळी म्हणाला. "गाडू नकोस."

"दादा, मला अभ्यास संपेपर्यंत ठेवलंय. शिसं उतरलं तर अभ्यास संपेल ना?"

"संपेल."

"मग सरका जरा," नवा माळी म्हणाला आणि त्यानं फावडं उचललं.