एकोणीसच्या खाली

मीटरबाईंचं डोकं सणकलं होतं, आणि तेही स्वतःवरच. तेवीस वर्षं त्या आवाज मोजत आल्या. अगदी बारीक आवाज मोजायचा तर आधी पोटभर जेवायचं, नाहीतर पोटातली गुरगुरच मोजली जाते. बांगड्या, घड्याळ काढायचं आणि मीटर स्टँडवर ठेवून आकडा दाराबाहेरून वाचायचा. एवढी काटेकोर बाई, आणि मुळातच माती खाल्ली.

दुकानाच्या वर राहणाऱ्या एका आजींच्या खोलीत त्यांनी दोनदा मीटर लावला होता. खालच्या दुकानातल्या शीतखोलीचं यंत्र दिवसभर डोक्यात घुमतं, ही आजींची तक्रार. मीटर दोन्ही वेळा एकोणीस डेसिबलवर. बाईंनी लिहून दिलं: आवाज नाही. त्या कागदाच्या जोरावर आजींच्या मुलाने आईसाठी वेड्यांच्या डॉक्टरची तारीखसुद्धा घेतली.

काल बाईंनी तोच मीटर गोधडीत गुंडाळून लोखंडी पेटीत बंद केला. मिनिटाने काढून नोंद पाहिली, तर तरीही एकोणीस! म्हणजे ती मीटरची स्वतःचीच कुरकुर. त्याहून हळू काही असलं तर त्या दगडाला कळणारच नव्हतं.

आज दुपारी त्या तणतणतच आल्या. दुकानदाराला म्हणाल्या, "यंत्र तुम्हीच बंद-चालू करा, मनात येईल तेव्हा. वेळ तेवढी लिहून ठेवा."

"मीटरने निकाल दिलाय की! आता कशाला ही नसती उठाठेव?"

"लिहा म्हणते ना!"

वर आजी भिंतीकडे तोंड करून बसल्या. बोट वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. बाई वेळ टिपत होत्या. मुलगा हाताची घडी घालून दारात उभा. अर्ध्या तासात बोट नऊदा हललं. मीटर ढिम्म.

दुकानदाराचा कागद वर आला. नऊच्या नऊ वेळा मिनिटाला मिनिट जुळल्या.

"पण मीटर तर..." मुलगा पुटपुटला.

"मीटर बहिरा आहे हो! माझी अक्कलही गहाण पडली होती. पण तुमची तर आई ना? दोन वर्षं बिचारी कळवळून सांगतेय. एकदा तरी खाली जाऊन बटण बंद करून पाहिलंत?"

बाईंनी स्वतःच्या सहीचा जुना कागद टराटरा फाडला. आजींनी वळूनही पाहिलं नाही. त्यांचं बोट पुन्हा वर गेलं.

"चालू झालं बघ," त्या म्हणाल्या, आणि मुलगा चपला न घालताच जिना उतरला.