मोठीमायच्या पाटावरचा सांता

आमच्या मोठीमायच्या तावडीतून उपाशी पोटी कोणी सुटलं, असं सुरतेच्या उधन्यात तरी कोणाला आठवत नाही. मीटर बघायला आलेला माणूससुद्धा भाकरी खाऊनच जायचा. एकदा वरच्या मजल्यावर मुलगी बघायला निघालेली मंडळी चुकून आमच्या दारात आली. कोण, कुठले, हे विचारण्याआधीच हिने त्यांना पाटावर बसवून शेवभाजी वाढली. मग खऱ्या घरी त्यांना पोह्यांचा घाससुद्धा उतरेना, आणि पोरीकडचे रुसून बसले. मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. धुळ्याकडून सुरतेत येऊन तिचं उभं आयुष्य गेलं, पण बोलणं अहिराणीच राहिलं. समोरचा गुजराती असो की बिहारी, समजून घ्यायची जबाबदारी त्याची.

कॅनडाहून आम्ही कायमचे परत आलो आणि भेस्तानचा फ्लॅट तयार होईपर्यंत तिच्याकडेच उतरलो. मी खुशीत होते. माझी सात वर्षांची इरा मात्र नव्हती. गल्लीतल्या कापडाच्या लूमच्या खडखडाटाने तिचं डोकं दुखायचं, शाळेत तिचं गुजराती ऐकून पोरं खिदळायची. डिसेंबर लागला तसं तिने जाहीर करून टाकलं, "सांता आला की मी त्याच्याबरोबर परत जाणार. माझं घर तिकडे आहे." आणि खरोखरच तिने आपली गुलाबी बॅग भरून दाराशी ठेवली. मी हसण्यावारी नेलं आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आपलंच लेकरू आपल्याच घरात पाहुणं, काय करायचं माणसाने?

मोठीमायला या सगळ्यात एकच गोष्ट खटकली. "रातले येस, कोनले न भेटता निंघी जास. देव शे का चोर शे?" मी म्हटलं, अगं, तशीच पद्धत आहे त्यांची. "त्यासनी पद्धत त्यासले ऱ्हाऊ दे! आपला घर दिवसना येवाना, जेवाना, मंग जावाना." झालं, ठरलं. नाताळ दुपारी साडेबाराला.

तिने तयारीही तशीच केली. प्लॅस्टिकचं झाड चौरंगावर बसवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं. "नको गं," म्हणेपर्यंत शेंड्यावर गजराही चढला. सांता म्हणून वरच्या जयंतीभाईंना पकडलं, कारण तेवढं पोट आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कोणाचं नव्हतं. त्यांचं साड्यांचं दुकान. त्यांनी लेहेंग्याच्या मखमलीचा झगा शिवून घेतला आणि पांढऱ्या कापसाऐवजी त्याला चार बोटं जरीची लेस लावली. "कापूस तो सस्तो लागे," म्हणाले. सांता दारात उभा राहिला तेव्हा नवरदेवाच्या मामासारखा दिसत होता. आत येताच सवयीने हात जोडून म्हणाला, "जय श्री कृष्ण!"

इराने त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता भांडं फुटणार. पण ती गंभीरपणे बॅग उचलून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"बसा," मोठीमायने हुकूम सोडला. वांग्याचं भरीत, पुऱ्या, वरून कढी. सांता खातोय आणि ही वाढतेय. दाढी भरताने माखली तशी त्याने ती उचलून कानामागे अडकवली. "मासी, हवे बस, पेट भराई गयुं," तो काकुळतीला आला, तर आणखी दोन पुऱ्या पडल्या. वर चौकशी. "तुमना घर कोन कोन शे? पाणी कितला वाजता येस? इतली थंडीमा भांडा कोन घासस?" जयंतीभाईंनी घाबरून सांगून टाकलं की भांड्यांना बाई आहे.

"जायचं?" इराने विचारलं. माझ्या नवऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

मोठीमाय आत गेली. बाहेर आली ती इस्त्रीची साडी नेसून, पायात चपला, अंगावर काकांचा स्वेटर आणि हातात कापडी पिशवी. "पोर एकली कशी जाई? मी बी येस. चाला."

इरा तिच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या पायांकडे. "मोठीमाय, तिकडे बर्फ असतो. तुझी बोटं दिसतात."

"दिसू दे."

"तू आजारी पडशील."

"पडसू. तू शे ना."

इराने खूप विचार केला. कपाळाला अगदी आठ्या पाडून. मग सांताला म्हणाली, "सॉरी, हिला खूप थंडी वाजेल. तुम्ही जा." आणि खाली बसून मोठीमायच्या चपला काढू लागली. जयंतीभाई सुटल्यासारखे उठायला गेले, पण पोटाने उठू दिलं नाही. शेवटी दोघांनी धरून त्यांना वर पोचवलं.

काय नाटक केलंस गं बाई, असं म्हणत मी मोठीमायची पिशवी रिकामी करायला घेतली. इरा मदतीला. आत दोन साड्या, कंगवा, डोळ्यांत घालायचे थेंब आणि तिच्या बीपीच्या सगळ्या गोळ्या. नाटक करणारं माणूस गोळ्या कशाला घेईल? मी तिच्याकडे बघितलं, तर ती उलट माझ्यावरच डाफरली, "पोर निंघती तर मंग? तठे भेटतस का मन्या गोळ्या?"

मोठीमाय गेल्या पावसाळ्यात गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. तिच्या खोलीचं दार धरून इरा बराच वेळ उभी होती. मी जवळ गेले तेव्हा तिने विचारलं, "मम्मा, तिने गोळ्या घेतल्या का बरोबर?"