सगळं ठीक

रस्त्याकडेला अडकलेला सायकलवाला दिसला की नोलीनचे हात आपोआप ब्रेकवर जात. ॲडलेडच्या डोंगरात सायकल दामटणारे सगळेच अशा वेळी "ठीक ना?" म्हणून विचारतात, पण वेग कमी न करता. आणि कडेचा माणूस, गुडघा फुटलेला असला तरी, अंगठा वर करून "सगळं ठीक!" म्हणतो. या दोन शब्दांचा नोलीनला मनस्वी तिटकारा होता. ती थांबायचीच.

त्यापायी ती मुलीच्या, केरिनच्या, शाळेतल्या नाटकाला पोचली तेव्हा पडदा पडला होता, आणि तिच्या पहिल्या लग्नाला फोटोपुरती. आज केरिनचं दुसरं लग्न होतं, स्ट्रॅथलबिनला नदीकाठच्या बागेत, अकरा वाजता.

"आई, गाडीने ये," केरिनने विनवलं होतं.

"गाडीत मला मळमळतं."

"मग निदान वाटेत समाजसेवा नको. या वेळी मी थांबणार नाहीये तुझ्यासाठी."

एचंगा गाव मागे पडलं आणि समोरून उतरत आलेला एक लालबुंद गडी कडेला थांबून पंक्चर चाकाशी झटापट करताना दिसला.

"सगळं ठीक," तो घाईघाईने म्हणाला.

"डोंबल ठीक," नोलीन चरफडत उतरली. "जादा ट्यूब आहे?"

"आहे ना. म्हणजे... घरी."

तिने कपाळावर हात मारला, स्वतःची एकुलती एक ट्यूब काढली, बसवून दिली आणि त्याचे आभार ऐकायलाही न थांबता निघाली.

मॅकल्सफील्डच्या पुढे तिचंच मागचं चाक बसलं. ट्यूब नाही, फोनला रेंज नाही, पिशवीत लग्नात घालायचा इस्त्री केलेला झगा. ती त्या लालबुंद गड्याच्या नावाने बोटं मोडत होती, तोच सायकलवाल्यांचा घोळका आला.

"काकू, ठीक ना?"

नोलीनचा अंगठा वर गेला. "सगळं ठीक!"

घोळका वळणाआड गेल्यावर आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं. दुसरा घोळका आला तेव्हा तिने खरं सांगायचं पक्कं ठरवलं होतं. पण पुढची पोरगी इतक्या मजेत चालली होती की तिचा खोळंबा करणं जिवावर आलं, आणि तोंडातून पुन्हा तेच निघालं. नोलीनला स्वतःचा अंगठा मुरगाळावासा वाटला.

अकरा वाजून गेले. ती सायकल ढकलत चालत राहिली. तिला स्वतःचा भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त रडू येत होतं.

समोरून एक धुळकट गाडी येऊन थांबली. पांढरा झगा गुडघ्यापर्यंत खोचून केरिन उतरली.

"तू इथे? अगं, आणि लग्न?"

"सगळे बसलेत ताटकळत. गावातल्या बेकरीपाशी सायकलवाल्यांना विचारलं. म्हणाले, एक काकू पंक्चर सायकल घेऊन उभी आहे, पण काळजी नको, सगळं ठीक म्हणाली." केरिनने सायकल उचलून मागे टाकली. "म्हणून तर निघाले."

"थांबणार नाही म्हणाली होतीस."

"म्हणाले होते." केरिनने तिच्याकडे नीट पाहिलं. "ठीक आहेस ना?"

अंगठा उठू लागला. नोलीनने तो दुसऱ्या मुठीत दाबून धरला.

"नाही," ती म्हणाली, आणि भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडली.

केरिनने तिला जवळ घेतलं, मग दार उघडून दिलं. "बस. आणि मळमळलं तरी सांग हं."